बंकरमध्ये उतरण्याआधी

शिरपूर,
गुरुवार

चि. सोनूस,


परवा ताईचा फोन आला तेव्हा कळलं, की येत्या रविवारी तुमच्या होस्टेलच्या मुली मलबार हिलवरच्या राजभवनातला बंकर बघायला निघाल्या आहेत आणि तूही त्यांच्यात आहेस. ऐकून फार बरं वाटलं. मुंबईला गेल्यापासून तू कॉलेज आणि खोली सोडून कुठे जात नाहीस, याचा ताईला घोर लागला होता. मामीला मात्र लगेच दुसरा घोर लागला. "जमिनीखाली उतरायचं? पोरगी घाबरली तर?" एवढं बोलून ती वांगी भाजायला गेली, आणि मी रात्री उशिरापर्यंत त्याच विचारात होतो. फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतेस आणि ठेवून देतेस. कागदावरचं निदान एकदा तरी वाचशील, म्हणून लिहायला बसलोय.

आधी घरची खबरबात. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. वेचायला माणसं मिळत नाहीत, म्हणून मामी रोज सकाळी स्वतः शेतात जाते, माझं ऐकत नाही. पिंट्याची बारावी जवळ आली, पण त्याला पहाटे उठवायचं म्हणजे सगळ्या घराला उठावं लागतं. काल हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी झाली, तेव्हा तुझं नाव निघालंच. बिबड्यांचा डबा भरून ठेवलाय, आळीतलं कुणी मुंबईला निघालं की देतो.

आता बंकरचं. मी तो बघितलाय बेटा. गेल्या हिवाळ्यात आमची म्हाताऱ्यांची टोळी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेली होती, तेव्हा. राजभवन म्हणजे मलबार पॉइंटचं टोक, तिन्ही बाजूंना समुद्र आणि सुमारे ५० एकरांची झाडी. पूर्वी इंग्रज गव्हर्नर परळला राहायचे, १८८० नंतरच्या काळात त्यांनी इथे मुक्काम हलवला. या बंगल्यांच्या खाली एक भुयार आहे, असं जुनी माणसं बोलायची. चे. विद्यासागर राव राज्यपाल असताना, ऑगस्ट २०१६ मध्ये, बुजवलेली एक भिंत फोडली आणि आत अख्खा बंकरच निघाला. सुमारे दीडशे मीटर लांब, १३ खोल्यांचा. इतकी वर्षं लोक वर राहत होते, फिरत होते, समारंभ करत होते, आणि खाली हे बंद. पुढे डागडुजी करून तिथे संग्रहालय केलं आणि १८ ऑगस्ट २०१९ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्याचं उद्घाटन केलं.

त्याचं दार चांगलं वीस फूट उंच आहे. लांब उतार आहे, मग बोळ, आणि बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या. भिंतींमध्ये दिव्यांसाठी कोनाडे आहेत, ते नीट बघ. खोल्यांवर इंग्रजांनी दिलेली नावं आहेत: शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, शेल लिफ्ट, पंप, वर्कशॉप. हा बंकर पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा आहे. समुद्रातून शत्रूची जहाजं आली तर वरच्या तोफांना गोळे खालून पुरवायचे, म्हणून हे कोठार. गोळे एका खोलीत, काडतुसं दुसऱ्या खोलीत. ठिणगी पडली तरी सगळं एकदम पेटू नये, हा त्यामागचा विचार. दारूच्या कोठारात उघडी ज्योत चालत नाही, म्हणून अशा ठिकाणी दिवेसुद्धा काचेआड, वेगळ्या जागेत ठेवत. हवा आणि उजेड आत यायची, पाणी बाहेर जायची सोय बांधतानाच केलेली आहे. तेव्हा मामीला मी सांगितलंय की तिथे गुदमरायला होत नाही.

पण तिला जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. आमच्या टोळीतल्या एकांना आत गेल्यावर त्रास झाला. गाईड रंगून सांगत होता, आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. सहज मागे वळलो तर हे गृहस्थ भिंतीला हात टेकून उभे, कपाळावर घाम. "काय झालं अण्णा?" म्हटलं तर "काही नाही, तुम्ही व्हा पुढे." मी त्यांचा दंड धरला आणि हळूहळू वर घेऊन आलो. समुद्राची हवा लागली, घोटभर पाणी प्यायले, मग बोलायला लागले. आत पाऊल टाकल्यापासूनच छाती धडधडत होती म्हणे. "मग बोलला का नाही?" तर म्हणाले, "सगळे एवढ्या लांबून आलेत, मी कशाला मोडता घालू?" सत्तरीचा माणूस, नातवंडांचा आजोबा, आणि चारचौघांत जीव घाबरला हे सांगायची लाज वाटली. सुदैवाने पुढे काही झालं नाही.

सोनू, त्या दिवशी मला तिथे तूच आठवलीस. दुसरीत असताना अंगात ताप घेऊन तू दिवसभर वर्गात बसली होतीस, माहीत आहे? घरी आलीस तेव्हा डोळे लाल, अंग भाजत होतं. बाई रागावतील म्हणून सांगितलं नाही, असं म्हणालीस. दहावीत भूमितीचं डोक्यावरून जात होतं तरी वर्गात हात वर केला नाहीस, घरी येऊन रडलीस. सगळे गप्प असले की तूही गप्प. तू हुशार आहेस, समंजस आहेस, कुणाला त्रास देत नाहीस. मला काळजी आहे ती एवढ्याच गोष्टीची. परक्या शहरात, नव्या मैत्रिणींत, "हिला जमत नाही" असं कुणी म्हणू नये म्हणून तू काहीतरी सोसत बसशील. रविवारी आत गेल्यावर नको वाटलं, तर त्याच क्षणी शेजारच्या मुलीला सांग. मोठ्याने सांग. दोघी वर या आणि समुद्र बघत बसा. बंकर तिथेच राहणार आहे, पुन्हा कधी जाता येईल.

आणि तसंच दुसऱ्या कुणाचं. एखादी मुलगी एकदम गप्प झाली, मागे राहिली, तर "चल गं" म्हणून ओढू नकोस. तिला विचार. एकदा "काही नाही" म्हणाली तर पुन्हा विचार.

जमिनीखाली उतरायचे नियम आपल्या लोकांना चांगले ठाऊक होते. माझ्या आजीच्या घरी, थाळनेरच्या बाजूला, अंगणात ज्वारीचं पेव होतं. पावसाळ्यानंतर ते उघडायचं म्हणजे सगळं घर जमा व्हायचं. झाकण काढून आधी बराच वेळ ते उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली तर कुणीही उतरायचं नाही, कारण कोंडलेल्या धान्याने आतला प्राणवायू संपवलेला असतो. ज्योत राहिली तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, आणि वर बसलेला सारखा हाका मारायचा: "आहेस का? आहेस का?" खालून "ओ" आली नाही की दोर ओढायचा. किती गावांत माणसं पेवात गेली, त्यांच्या मागोमाग त्यांना काढायला उतरलेली गेली. आजी सांगायची, उतरणाऱ्याने बोलत राहायचं, म्हणजे वरचा निर्धास्त.

माझी सगळी नोकरी जिनिंगमध्ये गेली, हे तुला माहीत आहेच. रुईच्या गाठीला आग लागली म्हणजे काय होतं ते मी जवळून बघितलंय. कपाशीतून एखादा खडा, लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये गेला की ठिणगी पडते. गाठ वरून पांढरीशुभ्र दिसते आणि आत धुमसत असते. वरून पाणी मारलं तरी आतलं विझत नाही. म्हणून आमच्याकडे एकच शिस्त होती. जळका वास आला की आधी ओरडायचं, खरं-खोटं नंतर बघायचं. वास खोटा निघाला तर कुणी हसायचं नाही. नवीन पोरगा कामावर आला की त्याला आधी हे शिकवायचे.

मुंबई बंदरात १४ एप्रिल १९४४ ला हीच शिस्त नव्हती. दुसरं महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज इंग्लंडहून निघून कराचीमार्गे मुंबईला आलं आणि व्हिक्टोरिया डॉकला लागलं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, सोन्याच्या लगडी होत्या, आणि कराचीला चढवलेल्या हजारो कापसाच्या गाठी. कापूस आणि स्फोटकं एकाच खणात! मलबार हिलच्या जमिनीखाली ज्यांनी गोळे आणि काडतुसंसुद्धा वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली, त्यांच्याच राज्यात हे झालं. जिनिंगमधल्या कुठल्याही हमालाने ती मांडणी बघून डोक्याला हात लावला असता. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो, तोही लावला नव्हता.

पण मला सगळ्यात लागतं ते पुढचं. दुपारी साडेबाराच्या सुमाराला आसपासच्या जहाजांवरच्या लोकांना त्या जहाजातून धूर निघताना दिसला होता. जहाजावरच्यांना कळलं ते तासाभराने. ज्यांनी बघितलं त्यांना वाटलं असेल, दुसरं कुणीतरी सांगेल, तिथली माणसं बघतीलच. मग बंब आले, शेकडो टन पाणी ओतलं, पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडेना. जहाज बुडवायचं की ओढून समुद्रात न्यायचं, याचा निर्णय शेवटपर्यंत कुणी घेतला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान. आजही आपल्या देशात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्यासाठी. बंकर बघताना बरोबरच्या मुलींना हे जरूर सांग. युद्धातली मुंबई म्हटलं की मला त्या ६६ जणांची आठवण होते. हातातली नळी न सोडता उभे राहिले ते.

लंडनमध्ये त्याच्या आदल्या वर्षी, ३ मार्च १९४३ ला, असंच काही घडलं होतं. बेथनल ग्रीन नावाच्या भागात जमिनीखालच्या रेल्वे स्टेशनात लोक हवाई हल्ल्यापासून आसरा घ्यायचे. भोंगा झाला, लोक पायऱ्या उतरायला लागले, खाली एक बाई अडखळून पडली, आणि मागच्यांना ते कळलंच नाही. ते उतरतच राहिले. १७३ माणसं चेंगरून गेली. त्या संध्याकाळी तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. हे तुला घाबरवायला लिहीत नाही गं. तुमच्या पाच-पंचवीस पोरींना काय होणार तिथे? पण उतारावर, जिन्यावर कुणी घसरली तर पुढच्यांनी मागच्यांना "थांबा" म्हणून हाक द्यायची. लोकलच्या पुलावरसुद्धा. ही सवय आत्ताच लावून घे, मुंबईत ती रोज लागते.

आणि बघ, त्याच १४ एप्रिल १९४४ ला आपल्या इकडे काय झालं! धुळ्याहून दोंडाईच्याला जाताना चिमठाणं लागतं ना, तिथे क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा खजिना लुटला. साडेपाच लाख रुपये. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी थेट इथवर आले होते आणि खान्देशातली भूमिगत माणसं त्यांच्या बरोबर होती. तो पैसा चळवळीसाठी होता. खजिना कधी निघतोय, कुठल्या रस्त्याने येतोय, ही खबर वेळेवर पोचल्याशिवाय असं काम होत नाही. ज्याने ती खबर पोचवली असेल, त्याला पकडले जाण्याची भीती नसेल का? तरी त्याने सांगितलं. मुंबईत डॉक जळत होतं आणि सरकार ती बातमी दाबून धरत होतं, तेव्हा आपल्या भागात ही धामधूम होती. तुझ्या पणजोबांच्या तोंडून चिमठाण्याची गोष्ट मी लहानपणी ओसरीवर ऐकली आहे. मुंबईच्या स्फोटाचं मात्र त्यांच्या बोलण्यात कधी आलं नाही.

बंकरमध्ये जून २०२२ पासून 'क्रांतिगाथा' नावाचं दालन आहे, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, सावरकर बंधू, मॅडम कामा, १९४६ चा नौदलाचा उठाव, असं सगळं तिथे मांडलंय. वासुदेव बळवंत गोगटेही आहेत. तेही कॉलेजातलेच होते, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९३१ मध्ये कॉलेजला भेट द्यायला आलेल्या हंगामी गव्हर्नर हॉटसनवर त्यांनी गोळी झाडली होती. ज्या गव्हर्नरांच्या बंगल्यांखाली ते दारूगोळ्याचं कोठार होतं, त्याच कोठारात आज गोगट्यांची गोष्ट सांगतात, हे मला फार भावलं. नौदलाच्या उठावापाशी थोडी जास्त थांब. ती पोरं तुझ्याच वयाची होती. 'तलवार' या नाविक तळावर १८ फेब्रुवारी १९४६ ला त्यांनी निकृष्ट जेवण नाकारलं. जेवणाबद्दल तोंड उघडलं, आणि बघता बघता किती तरी जहाजांवर आणि तळांवर ते पसरलं.

आदिवासी क्रांतिकारकांची माहिती शाळेतल्या मुलांच्या मदतीने तयार केली आहे. तिथे खाज्या नाईकाचं नाव शोध. सेंधव्याच्या घाटातला आपला भिल्ल नायक, १८५७ ला इंग्रजांच्या विरोधात उठला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला लढाई झाली, तिथे किती भिल्ल पडले. आणि नंदुरबारचा शिरीषकुमार तर तुला पाठ आहे, ९ सप्टेंबर १९४२ ला पोलिसांच्या गोळीबारात गेलेलं पंधरा वर्षांचं पोर आणि त्याचे चार सोबती. ही नावं तिथे दिसली तर मैत्रिणींना सांग की हे आमच्या बाजूचे. दिसली नाहीत तर गाईडला विचार. "आमच्या खान्देशाचं इथे काय आहे?" असं सरळ विचार. तो गाईड रागावणार नाही. उलट त्याला बरं वाटेल, दिवसभर तो एकटाच बोलत असतो बिचारा. माझी फार इच्छा आहे की रविवारी तू निदान एक प्रश्न सगळ्यांसमोर विचारावास. काय विचारलंस ते मला कळव.

थाळनेरचा किल्ला आपण मागच्या आखाजीला बघितला होता, तेव्हा तुला तापीच्या काठावर बसून १८१८ ची हकिकत सांगितली होती. इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेसाठी दार उघडलं गेलं, आत काय बोलणं झालं, कुणाला काय समजलं, कुणाला नाही, आणि दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग किल्ल्यातली सुमारे तीनशे माणसं कापली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिली. त्यावर विलायतेतसुद्धा वाद झाला. तू तेव्हा विचारलं होतंस, "मामा, एकमेकांची भाषा कळली असती तर?" तुझा तो प्रश्न मला अजून आठवतो. इतका चांगला प्रश्न तू मामाला विचारलास, तसा तिथेही विचार. तुझ्या डोक्यात असं पुष्कळ येतं, ते आम्हाला माहीत आहे, तिथल्या लोकांना अजून माहीत नाही.

तिथे जाणं सकाळी लवकर असतं, तेव्हा शनिवारी रात्री जागू नकोस. उपाशी जाऊ नकोस, काहीतरी खाऊन नीघ. चपला सपाट घाल, उतार आहे. पाण्याची बाटली घे. आत शिरताना तुझ्याबरोबर कोण आहे ते ठरवून घे, दोघी दोघींनी राहा आणि बाहेर आल्यावर मोजदाद करा. हे तूच सुचव, दुसरं कुणी सुचवेल याची वाट बघू नकोस. हसल्या तर हसू दे.

ताईला पेवाचं आणि त्या अण्णांचं सांगू नकोस, ती उगाच रात्रभर जागेल. होस्टेलच्या जेवणाबद्दल विचारलं की तू "ठीक आहे" म्हणतेस, तेही खरं काय ते एकदा लिही. खोलीत ओल येते का, बाकीच्या मुली कशा आहेत, पैसे पुरतात का. चांगलं असेल तर चांगलं लिही, नसेल तर नाही म्हणून लिही, आम्ही काही लगेच गाडीत बसून तुला परत आणायला येत नाही. रविवारी संध्याकाळी फोन कर. आधी मामीशी बोल, ती फोनजवळच बसलेली असेल. मग मला दे.

तुझा,
मामा

ता. क. : ओळखपत्र आठवणीने घे, त्याशिवाय राजभवनात सोडत नाहीत. पिंट्या म्हणतोय त्याला तिथल्या मोठ्या तोफांची माहिती हवी आहे. २२ टनांच्या दोन आहेत, राजभवनाच्या आवारातच मातीत पडलेल्या सापडल्या होत्या. त्या नीट बघून ये, नाहीतर तो माझं डोकं खाईल.